धुण्याआधीचं शून्य

काट्याकडून आकडा येत नाही,
अक्षरं येतात.
तीन, मग शून्य, मग मोकळी जागा, मग के, मग जी,
तारेतून एकामागून एक,
सकाळी शाळेत शिरणाऱ्या पोरांसारखी, नाखुशीनं.
त्यांची संख्या करणं माझ्याकडे.

उद्यमनगरच्या गाळ्यात, शेजारी लेथ किंचाळत असताना
मी ते लिहिलं, सी मध्ये.
स्ट्रिंग द्यायची. पाया दहा सांगायचा.
आणि एक पॉइंटर मोकळा ठेवायचा :
वाचता वाचता अंक जिथं संपले
तिथं तो बोट ठेवून उभा राहतो.
त्या बोटाला फार किंमत आहे.
कारण उत्तर शून्य आलं तर अर्थ दोन :
काट्यावर काही नाही,
किंवा आलं त्यात वाचण्याजोगं काही नाही.
बोट जागचं हललं का, एवढ्यावरच कळतं.

डबा मी बिनचिन्हाचा निवडला.
गूळ काय उणा असतो?
रवा तीसचा भरेल, साडेएकोणतीसचा भरेल,
ऋण गूळ कुणी बघितलाय.

मुहूर्ताच्या सौद्याला शाहूपुरीत गर्दी.
भूपाल मगदूम अडत्यांच्या पेढीवर नवा काटा, नवा प्रिंटर,
हळदकुंकू वाहिलेलं.
अजून रवा ठेवायचा होता.
तेवढ्यात प्रिंटरनं आपणहून चिठ्ठी काढली :
चारशे एकोणतीस कोटी
एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार
दोनशे पंच्याण्णव किलो.

मगदूम हसले, पेढी हसली,
“पोरी, एवढा गूळ ठेवायला पंचगंगेचं पात्र बांधून घ्यावं लागंल.”
माझे कान तापले.
मी लॅपटॉप उघडून आकड्याकडे बघत बसले.
ओळखीचा होता तो. डब्यात मावणारा सगळ्यात मोठा.

बाबालाल मुजावर हसले नाहीत.
चाळीस वर्षं तोलाई केलेला माणूस.
त्यांनी वाकून फळीखाली नख घातलं,
नखाकडे बघितलं,
म्हणाले, “फळी सकाळी धुतलीया.
शून्य त्याच्या आधीचं हाय.”

रात्रीच्या चाचणीचा गूळ, चिकटून वाळलेला,
शून्य धरताना फळीवरच होता.
पाण्यानं तो गेला,
आणि रिकामी फळी रिकामेपणाहून किलोभर हलकी झाली.
काट्यानं खरं तेच सांगितलं होतं :
आडवी रेघ, मग एक.

रेघ वाचली जाते, हे मी विसरले होते.
ते फंक्शन रेघेला नाही म्हणत नाही, चूकही म्हणत नाही.
मुकाट्यानं घेतं, संख्या उलटी फिरवतं,
आणि उणे एक, मागे सरकायला जागा नसल्यानं,
वरच्या टोकाला जाऊन बसतो.
आपल्या भाषेत त्या रेघेचं नाव ऋण.
ज्या डब्यात ऋण ठेवायला जागा नाही
त्यात किलोभर ऋणसुद्धा एवढं होतं.

आई याच पेढीमागं बारदानं शिवायची.
मी सात वर्षांची. मुजावरचाचा मला जुन्या काट्यावर उभी करत,
वजनं चढवत, उतरवत,
आणि म्हणत, “आता तू वाच.”
मी बोट ठेवून वाचायची. सोळा. मग चुकायची. मग सतरा.
घरी जाताना हातावर काकवीचा थेंब.
त्याची चिठ्ठी कधी कुणी काढली नाही.

दुपारी दुरुस्ती केली. चार ओळी.
आधीच्या मोकळ्या जागा ओलांडायच्या,
रेघ दिसली तर डब्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही,
पडद्यावर लिहायचं : शून्य पुन्हा धरा.
पहिला रवा एकतीसचा भरला.
मुजावर नुसते “हं” म्हणाले
आणि पुढचा ठेवायला हमालाला खूण केली.

त्या चार ओळींच्या डोक्यावर मी एक टीप टाकलीय :
फळी धुतल्यावर शून्य जुनं होतं. बा. मु.
कंपायलर टिपा वाचत नाही.
पुढं कुणी हा कोड उघडलाच,
तर त्याचं बोट तिथं क्षणभर थांबेल,
किंवा नाही थांबणार.